गोगलगायीचे घड्याळ : विसंगतिवादावर एक आक्षेप

मराठीतील विनोदविचारात 'विसंगती' या संज्ञेला आज जे स्थान आहे ते सिद्धांताचे नसून सोयीचे आहे. विनोदी उताऱ्याचे विश्लेषण करावयाचे म्हटले की विद्यार्थी विसंगती शोधतो, ती सापडली म्हणून परीक्षक गुण देतो, आणि समीक्षक 'जीवनातील विसंगतीवर नेमके बोट ठेवणारा विनोद' अशी पावती फाडून मोकळा होतो. ही विसंगती कोणत्या दोन गोष्टींमधली, ती कोणाला दिसते, संहितेतील कोणत्या शब्दावर ती उभी असते आणि ती जशीच्या तशी राहूनही हसू का मावळते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. ज्या संज्ञेने हास्य, करुण, अद्भुत आणि भयानक या सर्वांचे सारख्याच समाधानाने वर्णन करता येते, ती संज्ञा हास्याचे स्पष्टीकरण करते असे म्हणणे धाडसाचे आहे. ईडिपसच्या कथेत विसंगती काही थोडीथोडकी नाही. तिथे कोणी हसत नाही.

हा आक्षेप तपासून पाहण्यासाठी एखाद्या थोर विनोदकाराची संहिता घेणे उलट अडचणीचे ठरते. तिथे लेखकाचे व्यक्तिमत्त्व, त्याची शैली, त्याचा काळ आणि वाचकाचे प्रेम अशा अनेक गोष्टी हास्याचे श्रेय मागू लागतात. त्यापेक्षा कर्ता नसलेली, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहज हिंडणारी आणि चार वाक्यांत संपणारी संहिता घ्यावी. बागेतील संथ प्राण्यांविषयीचे, विशेषतः गोगलगायीविषयीचे विनोद या कामाला योग्य आहेत. ते क्षुद्र आहेत हा आक्षेप येईल, पण प्रयोगशाळेत बेडूक त्याच्या थोरवीसाठी आणला जात नाही. शिवाय या विनोदांचे कारण सर्वांना ठाऊक आहे अशी सर्वांची खात्री असते : गोगलगाय फार हळू चालते, म्हणून हसू येते. विसंगतिवादाचे पितळ उघडे पडते ते नेमके या खात्रीपाशी.

यांतला सर्वाधिक प्रसिद्ध विनोद असा. दारावर थाप पडते. घरधनी दार उघडतो, तर उंबऱ्याशी एक गोगलगाय. तो तिला उचलतो आणि बागेपलीकडे दूर भिरकावून देतो. तीन वर्षांनी पुन्हा थाप पडते. दार उघडले तर तीच गोगलगाय. ती विचारते, "मघाशी हे काय केलंत?"

विसंगतिवादी याचे विश्लेषण क्षणात करील. एवढेसे अंतर आणि तीन वर्षे. क्षुद्र जीव आणि त्याचा जाब विचारण्याचा थाट. ही झाली विसंगती. आता संहितेत एकच बदल करावा. गोगलगाय तीच, अंतर तेच, तीन वर्षे तीच, थापही तीच, फक्त तिचे वाक्य असे करावे : "तीन वर्षांपूर्वी तुम्ही मला का फेकलंत?" हसू नाहीसे होते. त्या जागी एक गाऱ्हाणे उरते आणि ऐकणाऱ्याला किंचित अपराधीही वाटते. विसंगतिवाद्याने मोजलेल्या सर्व विसंगती या दुसऱ्या संहितेतही शाबूत आहेत. तरीही एकीत हास्य आहे आणि दुसरीत नाही. याचा अर्थ हास्याचे कारण त्या विसंगतींत नाही. ते 'मघाशी' या एका क्रियाविशेषणात आहे.

'मघाशी' हा शब्द काय करतो ते बारकाईने पाहिले पाहिजे. मराठीत हा शब्द त्याच दिवसातल्या, अजून बोलण्याच्या ओघात असलेल्या भूतकाळासाठी वापरला जातो. काल घडलेल्या गोष्टीलाही तो लावता येत नाही. तो तीन वर्षांना लावून गोगलगाय आपले घड्याळ उघड करते. तिच्या लेखी प्रसंग अजून चालूच आहे. मधे काही घडलेलेच नाही. ती फेकली गेली आणि लगेच परतली. घरधन्याने दरम्यान किती पावसाळे पाहिले याची तिला कल्पना नाही आणि फिकीरही नाही. आपण संथ आहोत हे तिला ठाऊक नाही. संथपणा हा तिचा गुण नव्हेच. तो दुसऱ्याच्या घड्याळाने तिच्यावर लादलेला निकाल आहे आणि तिने तो स्वीकारलेला नाही. हसू येते ते दोन घड्याळे एकाच वाक्यात समोरासमोर आल्यामुळे, आणि त्यांपैकी कोणतेच चुकीचे ठरवता येत नाही म्हणून.

दुसरा विनोद हेच वेगळ्या रीतीने सिद्ध करतो. दोन कासवे एका गोगलगायीला लुटतात. हवालदार जबाब घेऊ लागतो, तेव्हा ती म्हणते, "साहेब, सगळं इतकं झटपट घडलं की काही कळलंच नाही." इथे माणसाचे घड्याळ कथेत कुठेच नाही, ते ऐकणाऱ्याच्या मनगटावर आहे. गोगलगायीच्या तोंडी एखाद्या भांबावलेल्या साक्षीदाराचे नेहमीचे वाक्य आहे आणि तिच्या मापाने ते अक्षरशः खरे आहे. तिला खोटी ठरवण्याचा प्रयत्न करताच ऐकणाऱ्याला आपले माप हे केवळ आपलेच आहे हे कबूल करावे लागते.

आता प्रचलित उपपत्ती या दोन संहितांसमोर आणाव्यात. हॉब्जने १६५१ मध्ये 'लेव्हायथन'मध्ये हास्याचे मूळ दुसऱ्याच्या उणिवेतून होणाऱ्या आकस्मिक श्रेष्ठत्वाच्या जाणिवेत पाहिले. पहिल्या विनोदात हा श्रेष्ठ कोण? फेकणारा तर विसरूनही गेला आहे, आणि शेवटचा शब्द गोगलगायीचा आहे. गोंधळलेला दिसतो तो घरधनी. कांटने १७९० मध्ये ताणलेल्या अपेक्षेचे अचानक शून्यात होणारे रूपांतर सांगितले. इथे अपेक्षा विरत नाही. ती अनपेक्षितपणे भरून येते, कारण फेकलेली वस्तू परत येते आणि बोलते. बर्गसाँने १९०० मध्ये जिवंतावर चढलेल्या यांत्रिकतेचे सूत्र मांडले आणि मराठी समीक्षेने ते फार भक्तिभावाने उचलले. गोगलगायीवर ते लावून पाहावे. साऱ्या बागेत तिच्याइतका मृदू, लवचीक, क्षणोक्षणी आकार बदलणारा, सांधा नसलेला प्राणी शोधावा लागेल. तिच्यात यांत्रिक काहीच नाही. या प्रसंगात यंत्र एकच आहे आणि ते म्हणजे घड्याळ. बर्गसाँचे सूत्र इथे लागू पडते असे म्हणायचेच असेल, तर ते उलटे लागू पडते : यांत्रिक ठरतो तो हसणारा.

संरचनावाद्यांची प्रतियोजनाची कसोटीही लावून पाहण्यासारखी आहे. गोगलगायीच्या जागी दगड घातला तर विनोद होत नाही. दगड संथ आहे, पण त्याच्यापाशी घड्याळ नाही. झाड घातले तरी नाही. झाड परतून येत नाही. जर्जर म्हातारा घातला तर संहिता क्रूर होते, कारण त्याचे आणि आपले घड्याळ एकच असते आणि त्यात तो मागे पडतो आहे हे त्यालाही ठाऊक असते. म्हणजे या विनोदाला असे पात्र हवे की ज्याला जाणीव बहाल करता येईल, पण ज्याच्याकडून आपल्या वेळेचा हिशेब मागता येणार नाही.

कथनमीमांसेचा आधार घेतला तर ही गोष्ट अधिक नेमकी होते. जेरार जेनेतने १९७२ मध्ये कथनकाल आणि कथितकाल यांतील संबंधांचे जे प्रकार मांडले, त्यांत लोप हा एक आहे : कथेतील काळ जातो, कथन मात्र त्यावर थांबत नाही. 'तीन वर्षांनी पुन्हा थाप पडते' हे वाक्य असा लोप आहे. तीन वर्षे दोन शब्दांत ओलांडली जातात. म्हणजे या संहितेत संथपणा कुठेच दाखवलेला नाही. जे आहे ते निवेदकाचे अतोनात घाईचे कथन. हीच गोष्ट गोगलगायीबरोबर सरपटत, एकेक पान आणि एकेक ओला दगड ओलांडत सांगितली, तर कदाचित उत्तम गद्यकाव्य होईल. विनोद होणार नाही. गोगलगाय आणि फुजी पर्वत यांना एकत्र आणणाऱ्या जपानी कवी इस्साच्या हायकूची ख्याती सर्वदूर आहे. तिथे अंतराचा आणि आकाराचा विरोध या विनोदापेक्षा कितीतरी मोठा आहे, पण कवी घाईत नाही. परिणामी वाचक फार तर स्मित करतो. भरताने उत्तम प्रकृतीसाठी राखून ठेवलेले स्मित आणि अधम प्रकृतीकडे सोपवलेले अतिहसित यांतील अंतर केवळ दातांच्या दर्शनाचे नाही. सांगणाऱ्याच्या घाईशीही त्याचे नाते असावे.

इंग्लंडमधील नॉर्फक परगण्यातल्या काँगम या गावी गोगलगायींच्या शर्यतीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवण्याची प्रथा आहे. ओल्या कापडावर वर्तुळ आखून मधून बाहेर १३ इंचांचे अंतर तोडावयाचे असते. १९९५ साली आर्ची नावाच्या गोगलगायीने ते २ मिनिटांत तोडले आणि तो उच्चांक ठरला. म्हणजे सेकंदाला पावणेतीन मिलिमीटर. हे वाचून हसू येते, पण गोगलगाय त्या दिवशी अंगणात चालते त्याहून वेगळे काही करत नव्हती. हसू निर्माण केले ते वर्तुळाने, पंचाने आणि हातातल्या घड्याळाने. अंगणातली गोगलगाय कोणाला हसवत नाही. तिच्या डोक्यावर घड्याळ धरावे लागते.

यावर असा प्रश्न येईल की, गोगलगायीचे हळू चालणे माणसाने अनादिकाळापासून पाहिले आहे, मग हे घड्याळाचे प्रकरण कशासाठी? इतिहासाची साक्ष इथे मोलाची आहे. प्लाउटसच्या 'पोएनुलुस' या रोमन सुखात्मिकेत रेंगाळणाऱ्या माणसांची तुलना गोगलगायीशी केलेली आहे हे खरे. पण तिथे हसू माणसांचे होते. गोगलगाय केवळ उपमान आहे, पात्र नाही. उपमान असलेली गोगलगाय आणि 'मघाशी' म्हणणारी गोगलगाय या दोन भिन्न वाङ्मयीन वस्तू आहेत, आणि त्यांना एकाच खणात टाकणे ही विसंगतिवादाची खास सवय आहे. पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस आणि चौदाव्याच्या आरंभी उत्तर फ्रान्स, फ्लँडर्स आणि इंग्लंड येथील हस्तलिखितांच्या समासांत चिलखती सरदार गोगलगायीशी लढताना, तलवार टाकून तिच्यापुढे गुडघे टेकतानाही दिसतात. लिलियन रँडल यांनी १९६२ मध्ये 'स्पेक्युलम' या नियतकालिकात या चित्रांचा संबंध लोंबार्ड लोकांच्या तत्कालीन उपहासाशी जोडला; तो सर्वमान्य झालेला नाही. मात्र कोणतेही स्पष्टीकरण घेतले तरी एक गोष्ट दिसते : त्या समासांतील हास्य चिलखताचे, शिंगांचे आणि भित्रेपणाचे आहे. संथपणा तिथे नाही.

भारतीय परंपरा तर याहूनही बोलकी आहे. संस्कृत काव्यात संथ चाल हे सौंदर्याचे लक्षण आहे. गजगामिनी आणि हंसगामिनी या नायिका हास्याच्या नव्हे, शृंगाराच्या आलंबन आहेत. भगवद्गीतेत अवयव आत ओढून घेणारे कासव स्थितप्रज्ञाचे उपमान होते. पंचतंत्रातला कंबुग्रीव कासव प्राणास मुकतो तो हळू चालण्यामुळे नव्हे, तोंड न आवरल्यामुळे. आणि मराठी भाषेने गोगलगायीविषयी जे सांगून ठेवले आहे त्यात गतीचा उल्लेखही नाही. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण वरून गरीब दिसणाऱ्या आणि आतून पाताळयंत्री असणाऱ्या माणसाविषयी आहे. प्राणिशास्त्र या वर्गाला उदरपाद म्हणते. ग्रीक शब्दाचाही अर्थ तोच. जे शास्त्राने शरीररचना म्हणून नोंदवले ते मराठी म्हणीने कपट म्हणून वाचले. म्हणजे या भाषेत गोगलगाय ही प्रथम 'न दिसणारे पाय असलेली' आहे, 'हळू चालणारी' नाही. संथपणा ही तिची स्वाभाविक हास्यास्पदता असती, तर या सर्व परंपरांच्या नजरेतून ती सुटली नसती.

भाषांतराची कसोटीही विसंगतिवादाच्या विरुद्ध जाते. इंग्रजीतील एका विनोदात गोगलगाय भरधाव मोटार विकत घेते आणि तिच्यावर सगळीकडे 'एस' हे रोमन अक्षर रंगवून घेते. हेतू असा की मोटार गेली की लोकांनी 'लुक अॅट दॅट एस-कार गो' म्हणावे. फ्रेंचमध्ये गोगलगायीला 'एस्कार्गो' म्हणतात, त्यावरची ही कोटी आहे. मराठीत गोगलगाय उरते, मोटार उरते, दोहोंच्या वेगांतील अफाट तफावत उरते. हसू उरत नाही. 'मघाशी'चा विनोद मात्र मराठीत येताना काही गमावत नाही, उलट एक नेमका शब्द मिळवतो. 'शब्दनिष्ठ' आणि 'प्रसंगनिष्ठ' अशी पाठ्यपुस्तकी विभागणी इथे तोकडी पडते, कारण हा तथाकथित प्रसंगनिष्ठ विनोदही एका शब्दावरच उभा आहे.

विसंगतिवाद्याचा अखेरचा बचाव अपेक्षित आहे : दोन घड्याळे म्हणजेही विसंगतीच झाली. झाली, पण 'आजार' हा शब्द खरा असला तरी त्यावरून औषध देता येत नाही. सामान्य संज्ञेखाली विशेष बसते म्हणून विशेषाचे स्पष्टीकरण झाले असे होत नाही. उपपत्तीची खरी परीक्षा ती हास्य कोठे थांबेल हे सांगू शकते की नाही, यात असते. ॲरिस्टॉटलने हास्यास्पदाच्या लक्षणात वेदना आणि विनाश यांचा अभाव घातला तो याच विवेकाने. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधावर अंथरून सकाळी त्यांखालच्या गोगलगायी वेचणाऱ्या शेतकऱ्याला तिच्या संथपणाचा विनोद सांगून पाहावा. विसंगती तिथेही आहे, किंबहुना वाढलेली आहे : एवढा संथ जीव आणि एवढी झपाट्याची हानी. हसू नाही, कारण तिथे दोन घड्याळे नाहीत. पेरणीचे एकच घड्याळ आहे आणि त्यावर गोगलगाय शेतकऱ्याच्या पुढे आहे.

हा वाद केवळ उपपत्तीपुरता असता तर तो सोडून देता आला असता. पण विनोदाचे वाचन चुकले की उपहासाचा नेमही चुकतो. वृत्तपत्रांत, अग्रलेखांत, विनोदी सदरांत आणि व्यंगचित्रांखालच्या मजकुरांत 'गोगलगायीच्या गतीने चालणारा कारभार' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्याची कोणी चौकशी करत नाही. इंग्रजी वाक्प्रचाराची छाया त्यावर उघड आहे. 'भिजत घोंगडे' हा अस्सल मराठी प्रयोग निदान घोंगडे कोणीतरी भिजत टाकले आहे हे सुचवतो. गोगलगायीची उपमा ते कर्तृत्वच पुसून टाकते. अर्ज पुढे सरकत नाही, कारण कारभाराचा स्वभावच संथ. गोगलगायीला दोष कसा द्यावा? समीक्षक अशा लेखनाला 'प्रशासकीय विसंगतीवरील मार्मिक भाष्य' म्हणतो, आणि ज्याच्यावर भाष्य झाले तोही त्यावर मनमुराद हसतो. ज्या उपहासावर उपहासाचा विषयच सर्वांत मोकळेपणाने हसतो, त्याचे विश्लेषण करताना समीक्षेने सावध व्हावयास हवे.

मूळ विनोदाला हे अधिक चांगले कळलेले आहे. त्यात दार उघडणारा, उचलणारा आणि क्षणात भिरकावून विसरणारा जो आहे, तो मुळीच संथ नाही. नकार देण्याचे काम फार झटपट होते. संथ आहे तो परतीचा रस्ता, आणि तो ज्याला भिरकावले त्याच्या वाट्याला आलेला आहे. कचेरीच्या मेजावर गोगलगाय बसलेली नाही. ती उंबऱ्याशी आहे, हातात जुना अर्ज घेऊन, आणि तिच्या लेखी ते प्रकरण अजून 'मघाशी'चेच आहे. मेजामागच्या घड्याळात तीन वर्षे उलटलेली असतात, मुदत संपलेली असते आणि माणसेही बदललेली असतात. तीन वर्षांनीही प्रसंग संपला आहे असे मानायला नकार देणाऱ्या जिवाचा हा विनोद आहे. त्याला 'संथपणावरील विनोद' म्हणणे म्हणजे फेकणाऱ्याची बाजू घेऊन त्याचे वाचन करणे.

न. चिं. केळकरांनी १९०८ मध्ये 'सुभाषित आणि विनोद' लिहून मराठीत विनोदाच्या पद्धतशीर विचाराला चालना दिली. तेव्हापासून इतका काळ लोटल्यानंतर अभ्यासकाने तरी विसंगती सापडली की लेखणी खाली ठेवण्याची सवय सोडावी. विनोदाच्या संहितेला विचारण्याचे प्रश्न साधे आहेत : इथे मापे किती आहेत, कोणाची आहेत, कोणत्या शब्दावर ती एकमेकांना भिडतात आणि तो शब्द काढला तर काय उरते? पदव्युत्तर वर्गात एका विनोदावर एक संपूर्ण तास हे प्रश्न विचारून पाहावेत. वेळ लागेल, आणि तासाच्या शेवटी अभ्यासक्रम किती पुढे सरकला हे विचारणारे कोणीतरी असेलच. त्यालाही आपले घड्याळ तपासून पाहण्यास सांगता येईल.